फुलझाडांच्या एखाद्या गटाचं नातंगोतं आणि जगभरचा प्रवास कसा शोधायचा: गोरखचिंचेचं उदाहरण घेऊन

एकाच गटातली झाडं तीन वेगवेगळ्या खंडांत सापडतात आणि मधे हजारो किलोमीटर समुद्र, असं दिसलं की एक उत्तर बहुतेकांच्या तोंडावर तयारच असतं, की हे गोंडवनाच्या, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र जोडलेले होते त्या महाखंडाच्या काळातलं असणार, जमीन फुटली, तुकडे लांब गेले आणि झाडं पण त्यांच्यासोबत गेली. ऐकायला एकदम पटतं. कधीकधी खरंही निघतं, पण फुलझाडांच्या बाबतीत ते इतक्या वेळा चुकीचं निघालंय की मी तर म्हणेन तारीख हातात आल्याशिवाय गोंडवना हा शब्दच काढू नका. नकाशा बघून प्रश्न पडतो, वंशवृक्ष बघून कोण कुणाच्या जवळचं ते कळतं, आणि फाटे कधी फुटले ते कळल्यावर कुठली गोष्ट शक्य आहे आणि कुठली नाही हे ठरतं. तिन्ही लागतात, एक जरी नसेल तर मग साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं.

गोरखचिंच म्हणजे बाओबाब घेऊया, कारण गट छोटा आहे, जाती फक्त ८, आणि त्यांची वाटणी अशी विचित्र आहे की डोकं खाजवायला लागतं. ६ जाती फक्त मादागास्करमध्ये, १ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, आणि १ एकदम ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, किंबर्ली भागात आणि त्याला लागून. जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाचं, नाव अ‍ॅडान्सोनिया. भेंडी आणि जास्वंदीचं जे कुळ, माल्व्हेसी, त्यातलंच हे, काटेसावरीच्या जवळचं.

आधी नावांचा गुंता सोडवा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग पुढे सगळंच बिघडतं. एकाच जातीला जुनी चार-पाच नावं असतात, तुम्ही एका नावाने डीएनए शोधता आणि दुसऱ्या नावाने नकाशा काढता. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही साइट उघडा, जीनस टाका, स्वीकृत नावांची यादी करा आणि प्रत्येकासमोर जुनी नावं लिहा. साधी एक्सेल शीट पुरते. गोरखचिंचेचंच बघा ना, २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातून अ‍ॅडान्सोनिया किलिमा नावाची नववी जात जाहीर झाली होती, पण नंतरच्या तपासणीत ती वेगळी ठरेना आणि परत नेहमीच्या आफ्रिकन जातीत, म्हणजे डिजिटाटामध्ये, गेली. त्यामुळे कुठे ८ वाचाल, कुठे ९. तुमच्या यादीत कुठली बाजू घेतली ते एका ओळीत लिहून ठेवा.

त्याच साइटवर मूळची कुठली आणि नंतर नेलेली कुठे हे वेगळ्या रंगात दाखवतात, तेही आत्ताच टिपून घ्या, पुढे नकाशा साफ करताना लागतं.

दिसण्यावर किती भरोसा ठेवायचा

डीएनएच्या आधी माणसं फुलं, फळं, पानं बघूनच गट पाडायची आणि ते काम टाकाऊ अजिबात नाही. गोरखचिंचेत फुलांवरून तीन गट पाडलेत. आफ्रिकेतल्या डिजिटाटाचं फूल लांब देठाला उलटं लटकतं, पांढरं, मोठं, मधोमध पुंकेसरांचा गोंडा, संध्याकाळी अंधार पडताना उमलतं आणि रात्री वटवाघळं येतात. मादागास्करमधल्या दोन जाती, ग्रँडिडिएरी आणि सुआरेझेन्सिस, यांची फुलं वर तोंड करून उभी, बुटक्या नळीची, तिथेही रात्री फिरणारे सस्तन प्राणीच परागण करतात. आणि उरलेल्या पाच, म्हणजे मादागास्करच्या चार आणि ऑस्ट्रेलियाची ग्रेगोरी, यांच्या फुलाची नळी लांबच लांब, तळाशी मध, तिथपर्यंत पोचायला तेवढीच लांब सोंड पाहिजे म्हणून काम हॉकमॉथ पतंगांचं.

आता यातली गोम अशी की वटवाघळाला आवडणारं फूल वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पण तयार होऊ शकतं. गिऱ्हाईक एकच असेल तर दोन अनोळखी झाडं पण सारखी दिसायला लागतात. म्हणून फुलावरून पाडलेला गट हा अंदाज समजायचा, निकाल नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण कमळ. कमळ आणि कुमुदिनी, दोन्ही पाण्यात, दोन्हीची पानं गोल, फुलं देखणी, शंभरातली नव्वद माणसं दोघांना एका माळेचे मणी समजतात आणि वनस्पतीशास्त्रज्ञ पण बराच काळ जवळजवळच ठेवत होते. डीएनए बघितल्यावर कळलं की कुमुदिनी फुलझाडांच्या वंशवृक्षात अगदी सुरुवातीला फुटलेल्या फांदीवर आहे, आणि कमळ तिथून पार लांब, त्याचे जवळचे नातेवाईक कोण तर चिनारचं झाड आणि मॅकाडेमिया नट्सचं कुळ. चिनार! दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

डीएनए गोळा करणं आणि वृक्ष बांधणं

तुम्हाला लॅब लागत नाही. जेनबँक या ऑनलाइन भांडारात लाखो सिक्वेन्स, म्हणजे वाचून ठेवलेल्या डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, फुकट पडलेत. झाडांसाठी नेहमीचे तुकडे म्हणजे क्लोरोप्लास्टमधले मॅट-के, आरबीसीएल, टीआरएनएल-एफ आणि न्यूक्लियसमधला आयटीएस. दोन्हीकडचे घ्या, फक्त क्लोरोप्लास्टवर थांबू नका, कारण बहुतेक फुलझाडांत क्लोरोप्लास्ट आईकडूनच येतो, म्हणजे तुम्हाला घराण्याची एकच बाजू दिसते. आजकाल शेकडो जीन्स एकदम काढणारे 'अँजिओस्पर्म्स ३५३' सारखे किट पण आहेत आणि त्यांचा बराच डेटा उघडा आहे, पण शिकायला चार तुकडे पुष्कळ झाले.

डाउनलोड करताना एक बघा, सिक्वेन्ससोबत हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा, नमुना क्रमांक दिलाय का. असेल तर उद्या कुणाला शंका आली तर तो वाळवलेला नमुना काढून बघता येतो. बॉटनिकल गार्डनमधल्या पाटीवर विश्वास ठेवून घेतलेला सिक्वेन्स चुकीच्या जातीचा निघणं अजिबात दुर्मिळ नाही. संशय आला तर ब्लास्ट (सिक्वेन्स जुळवून बघायचं ऑनलाइन साधन) करून बघा कुणाशी जुळतोय.

गटाबाहेरच्या दोन-तीन जाती पण घ्या, गोरखचिंचेसाठी काटेसावर आणि पांढरी सावर चालतात. हा बाहेरचा गट नसेल तर मूळ कुठे आहे तेच कळत नाही, आणि मूळ चुकलं की अख्खी गोष्ट उलटी वाचली जाते.

मग मॅफ्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिक्वेन्स एकाखाली एक लावायचे, आणि इथे थांबून डोळ्यांनी बघायचं. प्लीज बघा. रंगीत रकाने सरळ उभे दिसले पाहिजेत, निळ्याखाली निळा, लालखाली लाल. एखादी ओळ सगळीकडे वेडीवाकडी, बाकीच्यांशी कुठेच जुळत नाही असं दिसलं तर बहुतेक वेळा तो सिक्वेन्स उलट्या दिशेने अपलोड झालेला असतो, सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्स कॉम्प्लिमेंट, म्हणजे उलटून समोरच्या जोडीदार धाग्यात बदलला, की टकाटक बसतो. नाही बघितलं तर तीच जात पुढे वृक्षात एका भयानक लांब फांदीवर लटकलेली दिसते आणि लोक त्यावर थिअरी बांधतात की हिच्यात उत्क्रांती फार वेगाने झाली.

वृक्ष बांधायला आयक्यू-ट्री हे सॉफ्टवेअर वापरा, लॅपटॉपवर मिनिटांत होतं एवढ्या डेटाला. प्रत्येक फाट्यावर एक आकडा येईल, बूटस्ट्रॅप, म्हणजे तो फाटा किती भरवशाचा. आयक्यू-ट्रीचा अल्ट्राफास्ट प्रकार वापरला असेल तर ९५ किंवा वरचे फाटेच पक्के धरा. जुन्या साध्या बूटस्ट्रॅपला लोक ७० च्या वर चालवून घेतात, दोन्ही आकडे एकाच मापाने मोजू नका. कमी आकड्याचे फाटे सरळ मोडून सपाट करा, म्हणजे तीन-चार फांद्या एकाच बिंदूतून निघालेल्या दिसतील. ते दिसायला कुरूप असतं पण प्रामाणिक असतं.

आयटीएसचा वृक्ष एक सांगतो आणि क्लोरोप्लास्टचा दुसरंच, असं झालं तर घाबरू नका, आणि दोन्ही डेटा एकत्र ढकलून भांडण मिटवायला पण जाऊ नका. ते भांडण म्हणजेच माहिती असते. गोरखचिंचेत हेच बरीच वर्षं चालू होतं, आफ्रिकेची जात आणि ऑस्ट्रेलियाची जात नेमकी कुठल्या फांदीला जोडायची यावर वेगवेगळे जीन्स वेगवेगळं बोलत होते. २०२४ मध्ये आठही जातींचे अख्खे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला आणि त्यात दिसलं की जुन्या काळी जातींमध्ये आपसात संकर झालाय, एकीचे जीन्स दुसरीत गेलेत. मग एका सरळ वृक्षात ते बसणार कसं? त्यात आफ्रिकेच्या डिजिटाटात गुणसूत्रांचे चार संच, बाकी सगळ्यांत दोन, म्हणजे प्रत्येक जीनच्या जास्त कॉप्या आणि तुमच्या हातात कुठली आली ते बघावं लागतं.

वृक्ष वाचताना लोक कुठे घसरतात

सगळ्यात खालची किंवा कडेची एकटी फांदी म्हणजे पूर्वज, असं वाचायची सवय फार पक्की आहे. अ‍ॅम्बोरेला बघा. न्यू कॅलेडोनिया बेटावरचं एक झुडूप, जगात त्याची एकच जात, आणि फुलझाडांच्या वृक्षात एका बाजूला ते एकटं आणि दुसऱ्या बाजूला बाकीची सगळीच्या सगळी फुलझाडं. बातम्यांत लगेच येतं की हे पहिलं फूल, हे सगळ्यांची आजी. अजिबात नाही, ते आपल्या चुलत भावासारखं आहे, आजी दोघांची एक, पण ती कधीच गेली आणि हा चुलत भाऊ पण तितकीच वर्षं स्वतःच्या वाटेने बदलत आलाय.

आणि त्याहून मोठी घसरगुंडी म्हणजे अ‍ॅम्बोरेला न्यू कॅलेडोनियात आहे म्हणून फुलझाडं न्यू कॅलेडोनियात जन्मली असं म्हणणं. भूगर्भशास्त्र सांगतं की ते बेट बराच काळ पाण्याखाली होतं आणि साधारण ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी वर आलं, फुलझाडं त्याच्या कितीतरी आधीची, त्यांचे जीवाश्मच १२ कोटी वर्षांच्या पलीकडचे आहेत. म्हणजे अ‍ॅम्बोरेलाचा वंश दुसरीकडून तिथे आला आणि बाकी ठिकाणचा संपला. एकटी फांदी आज जिथे उभी आहे ती जागा म्हणजे उगमस्थान नव्हे.

फांद्या वरखाली फिरवल्या तरी वृक्ष तोच राहतो हेही लक्षात असू द्या. वृक्ष दाखवणाऱ्या फिगट्री सॉफ्टवेअरमध्ये उघडा, एखाद्या फाट्यावर क्लिक करून दोन्ही बाजूंची अदलाबदल करा, चित्र एकदम वेगळं दिसेल पण नातं तेच. नातं फक्त एकाच गोष्टीवरून वाचायचं, दोघांचा शेवटचा सामायिक फाटा किती मागे आहे.

तारीख

आता खरा मुद्दा. डीएनएमधले बदल साधारण काही वेगाने साचतात, पण घड्याळ लावायला कुठेतरी खरी तारीख लागते आणि ती जीवाश्मातून येते. बीस्ट नावाचं सॉफ्टवेअर यासाठी सगळ्यात जास्त वापरतात. दोन गोष्टी डोक्यात फिट ठेवा. जीवाश्म कमीत कमी वय सांगतो, ५ कोटी वर्षांपूर्वीचं परागकण सापडलं म्हणजे तो वंश तेव्हा होता, त्याच्या आधी किती काळ होता ते ते परागकण सांगत नाही. दुसरं, उंच दीर्घायुषी झाडांचं घड्याळ हळू चालतं आणि वर्षभरात बी धरून मरणाऱ्या रोपांचं भरभर, त्यामुळे सगळ्यांना एकच वेग लावला तर आकडे भलतीकडे जातात, म्हणून प्रत्येक फांदीला वेगळा वेग देणारं 'रिलॅक्स्ड क्लॉक' निवडतात. उत्तर नेहमी पट्ट्यात येतं, अमुक ते तमुक कोटी. मधला एकच आकडा उचलून मिरवू नका.

मग शेजारी जमिनीच्या तारखा लिहा. मादागास्कर आफ्रिकेपासून सुटायला लागलं साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका पूर्ण वेगळे झाले १० कोटीच्या आसपास. भारत मादागास्करपासून तुटला जवळपास ९ कोटी वर्षांपूर्वी. आता गोरखचिंच ठेवा. २०२४ च्या अभ्यासात आजच्या जातींचा वंश मादागास्करमध्ये साधारण २ कोटी वर्षांच्या आसपास फुटायला लागला असं निघालं, आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलियाकडचे प्रवास त्याच्या नंतरचे. १६ कोटी कुठे आणि २ कोटी कुठे! झाडांचे फाटे फुटले तेव्हा मधे समुद्र होताच, आत्ताइतकाच नाही म्हटलं तरी भरपूर. गोंडवना बाद. वनस्पतीशास्त्रज्ञ डेव्हिड बॉम आणि सहकाऱ्यांनी तर १९९८ मध्येच, डीएनएच्या मोजक्या तुकड्यांवर काम चालायचं त्या काळात, हेच सांगितलं होतं की ही झाडं गोंडवना फुटल्यावर समुद्र ओलांडून पोचली. फळ टणक कवचाचं, आत सुका गर आणि त्यात बिया, तरंगत जायला वाईट बोट नाही.

समुद्र ओलांडणं अशक्य वाटतं, पण कोट्यवधी वर्षांत एकदा जमलं तरी पुरतं. अननसाचं कुळ घ्या, ३,००० च्या वर जाती, सगळ्या अमेरिकेतल्या, आणि एक, पिटकेर्निया फेलिसियाना, आफ्रिकेतल्या गिनीमध्ये. निवडुंगाचं पण तसंच, अख्खं कुळ अमेरिकेचं आणि रिप्सालिस बॅक्सिफेरा नावाचा एक लोंबणारा निवडुंग आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंकेत नैसर्गिकरीत्या सापडतो, त्याची फळं चिकट आणि पक्ष्यांना आवडणारी. हवाईतले सिल्व्हरस्वर्ड आणि त्यांचे भाईबंद मिळून ३० च्या आसपास जाती कॅलिफोर्नियातल्या टारवीड नावाच्या छोट्या रोपांच्या वंशातून आल्यात, मधे जवळपास ४,००० किलोमीटर पाणी.

बेटांचं वय वापरताना मात्र जपून. बेट ५० लाख वर्षांचं आहे म्हणून त्यावरचा वंश त्याहून जुना असूच शकत नाही असं नाही, आधीचं एखादं बेट बुडालेलं असू शकतं आणि झाडं शेजारच्या नव्या बेटावर उडी मारत आलेली असू शकतात.

नकाशा साफ करणं

जीबीआयएफ (कुठली जात कुठे सापडली याच्या नोंदींचं जागतिक ऑनलाइन भांडार) वरून ठिकाणं उतरवा, पण ती जशीच्या तशी वापरली तर गोरखचिंच सगळ्या उष्ण जगाची मूळ रहिवासी निघेल. भारतातली गोरखचिंच शेकडो वर्षं जुनी आहे, लोकांना ती इथलीच वाटते, पण जेनेटिक अभ्यासात ती आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या भागांतल्या झाडांशी जुळली, म्हणजे माणसांनी समुद्रमार्गे, एकदा नाही तर अनेकदा आणली. हे ठिपके प्रवासाच्या हिशोबातून काढायचे.

मग डेटामधला कचरा. शून्य अक्षांश शून्य रेखांशावरचे ठिपके, हे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात पडतात. अक्षांश-रेखांश उलटे टाकलेले. देशाच्या बरोबर मध्यावर टाकलेले, कारण जुन्या नमुन्यावर फक्त देशाचं नाव होतं. आणि बॉटनिकल गार्डन किंवा म्युझियमच्या बिल्डिंगवर पडलेले. यासाठी आर या प्रोग्रॅमिंग भाषेत 'कोऑर्डिनेटक्लीनर' पॅकेज आहे, बरंच काम ते करतं, तरी शेवटची नजर तुमचीच टाका.

उगम ठरवताना

६ जाती मादागास्करमध्ये म्हणून उगम मादागास्करमध्ये, हे वाक्य ऐकायला सरळ आहे पण तेवढ्यावर टिकत नाही. जास्त जाती म्हणजे तिथे नंतर भरभर फाटे फुटले असंही असू शकतं. अँडीजमधले ल्युपिन बघा, तिथे डोंगरावर ८० च्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या गेल्या २० लाख वर्षांच्या आतल्या, आणि त्यांचे पूर्वज तर उत्तरेकडून आलेले. म्हणून वृक्षाच्या प्रत्येक फाट्यावर पूर्वज कुठे असेल याची शक्यता काढतात, त्यासाठी बायोजिओबेअर्स किंवा रास्प ही सॉफ्टवेअर आहेत. त्यात 'प्लस जे' नावाचा एक पर्याय असतो, लांब उडीला मोकळीक देणारा, तो लावला की आकडे जवळपास नेहमीच सुधारतात, आणि त्यावर २०१८ मध्ये चांगलीच टीका झाली की तुलना करायची ती पद्धतच बरोबर नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही चालवा, दोघांत उत्तर सारखं आलं तर लिहा, नाहीतर उत्तर अनिश्चित आहे असं लिहा.

आणि सॉफ्टवेअरला मेलेली झाडं दिसत नाहीत. कमळाच्या आज दोनच जाती, एक आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, दुसरी उत्तर अमेरिकेत. फक्त जिवंत जाती टाकल्या तर मशीन पॅसिफिकवरून एक झकास उडी काढून देईल. पण कमळाचे जीवाश्म युरोपातही सापडलेत, जिथल्या बहुतेक भागांत आज रानातलं कमळ नाही. म्हणजे एकेकाळी पट्टा सलग पसरलेला होता आणि मधले तुकडे हवामान थंड झाल्यावर गेले. त्यामुळे मॉडेल चालवण्याआधी तुमच्या गटाचे जीवाश्म कुठकुठे सापडलेत ते शोधा आणि शक्य असेल तर वृक्षातच बसवा.

सरावाला गट निवडताना छोटा घ्या, १० ते ४० जाती, ज्यातल्या बहुतेकांचे सिक्वेन्स आधीच उपलब्ध आहेत, आणि जो किमान दोन खंडांत आहे. अ‍ॅस्ट्रॅगालससारखा ३,००० जातींचा राक्षस नको, आणि डँडेलियन किंवा ब्लॅकबेरी तर मुळीच नको, ती बरेचदा फलन न होताच बी धरतात, आपसात संकर करतात आणि जात कुठे संपते यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही.